पडद्यामागचा आवाज

दोहा, अल नस्र
६ नोव्हेंबर २०२२

चि. सौ. सुहासिनीस,
अनेक आशीर्वाद.

"तर सुटलीऽऽ होऽऽ!" आज पहाटे जाग आली ती या हाकेने. डोळे उघडून पाहतो तर वर एसीचा पांढरा खोका घुरघुरतोय, आणि खिडकीला जाड पडदा. मग ध्यानात आलं, आपण शेवऱ्याला नाही. पण हाक खरी होती. तरीवाला होडी सोडताना दोन्ही हात तोंडाशी धरून पैलतीरावरून ओरडायचा, आणि ती हाक खाडीवरून येता येता लांबत जायची, जणू पाण्यानेच तिला चाल लावलीय. मग तुम्ही पलीकडची पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन चिखलातून धावत यायचात. ती हाक ऐकल्याशिवाय मी हजेरी घेत नसे. हेडमास्तर रागवायचे. रागवोत बापडे.

इथे सध्या फुटबॉलच्या विश्वचषकाची धामधूम आहे. आमच्या गल्लीतल्या केरळी बेकरीवाल्याने निळ्या-पांढऱ्या झेंड्यांच्या माळा सोडल्यात. मी विचारलं, "कोण उभं आहे तुमच्याकडून?" तो म्हणाला, "अर्जेंटिना." घरात सगळे पोट धरून हसले. मुलाला, मिहीरला म्हटलं, हस बाबा, ज्याने आयुष्यभर झेंडे फक्त निवडणुकीत पाहिले त्याने दुसरं काय विचारावं?

त्यावरूनच विषय निघाला. मिहीरने फोनवर वाचून दाखवलं की डिसेंबरात आपल्याकडे सरपंचपदाची निवडणूक आहे, आणि शेवऱ्याची जागा पुन्हा महिलांसाठीच राहिली. पाच वर्षं झाली? मला वाटत होतं, कालच तुझा गुलाल उडाला.

तर सांग. पुन्हा निवडून येशील ना? तुझ्यासमोर कोण कोण उभं राहील असं वाटतं? मोकळेपणाने लिही. इथे माझ्याशी मराठी बोलणारं माणूस दुपारी घरात नसतं. नात ईरा असते, पण मी मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. दोघांनाही सवय झालीय. मी कागदावर लिहितो, ती पानांचे फोटो काढून पाठवते. तूही तसंच कर. टाइप केलेलं मी वाचत नाही, त्यात माणसाचा हात दिसत नाही.

मी एकदा फळ्यावर लिहिलेल्या दोन ओळी तुला आठवतात का?
"उतरले ऊन, भरली खाडी,
अजून ना ये पैलची होडी."
मीच रचल्या होत्या. तुम्हा पोरांना सांगितलं नव्हतं.

तुझा,
रंगनाथ गुरुजी


शेवरे बंदर
१४ नोव्हेंबर

ती. गुरुजींस,
साष्टांग नमस्कार.

पंचायतीच्या ऑफिसात बसून लिहितेय. ग्रामसेवकांना वाटतंय, मी काहीतरी सरकारी टिपण काढतेय. वाटू दे.

निवडून येईन का, असं विचारलंत. आज मतदान झालं तर येईन. डिसेंबरात, माहीत नाही.

हिशेब असा आहे. पंधराएकशे माणसं मत द्यायला येतात. खारवीवाडी माझी. भंडारवाडी निम्मी माझी, कारण नळ आले. निम्मी रुसलेली, कारण नळ आधी खारवीवाडीला आले. वरची वाडी नंदू ठेकेदाराची, तिथे माझा बॅनरसुद्धा टिकत नाही. राहिला मोहल्ला. पाचशे मतं. मागच्या वेळी ती मला पडली म्हणून मी खुर्चीत बसले.

नंदू आपल्या बायकोला उभी करतोय, राणीला. ती लग्न होऊन इकडे आलेली, तुमच्या हाताखालून गेली नाही. बाई वाईट नाही हो. भेटली की हसते, पोरांची विचारपूस करते. पण सही कुठे करायची ते नवरा बोट ठेवून दाखवील आणि ती करील. आणि सही कशावर ते तुम्हाला सांगायला हवं. बंदरावरचं मासळी वाळवायचं मैदान मुंबईच्या एका पार्टीला हवंय, पर्यटकांच्या खोल्या बांधायला. त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो. दोन वेळा तो कागद माझ्यासमोर आला, दोन्ही वेळा मी परत पाठवला. साठ बायका त्या मैदानावर जगतात, गुरुजी, खारवीवाडीच्याही आणि मोहल्ल्याच्याही. तिसऱ्यांदा तो कागद राणीच्या टेबलावर आला की खेळ खलास.

एवढंच असतं तर मी झोपले असते. पण कुजबुज आहे की हुस्नाही अर्ज भरणार. आमच्या वर्गातली हुस्ना, जहूरचाचांची लेक. ती बचत गट चालवते, बायका तिला मानतात, मैदानाच्या बाबतीत ती माझ्याच बाजूची आहे. पण ती उभी राहिली तर मोहल्ला तिच्याकडे जाणार, मी अर्धी होणार, ती अर्धी होणार आणि राणी सबंध निवडून येणार.

तुम्हाला मोहल्ल्याची रीत ठाऊक आहे. कतारमध्ये असलेली गावची माणसं शुक्रवारी जमतात, तिथे ठरतं, आणि मग घरोघरी फोन येतात. ठरलं की एकगठ्ठा. त्या सगळ्यांत वडीलधारे जहूरचाचा. ते मुलाकडे, जैदकडे, अल रुवैसला असतात. तुमचे ते बालमित्र. एकदा जाऊन या. एकच प्रश्न विचारा: हुस्ना उभी राहणार आहे का? एकच, गुरुजी. कवितेत शिरू नका.

आपली,
सुहासिनी


दोहा
२६ नोव्हेंबर

चि. सौ. सुहासिनीस,
आशीर्वाद.

काल जाऊन आलो. मिहीरने गाडीने नेलं. उत्तरेकडचा रस्ता म्हणजे सरळ रेघ. दोन्ही बाजूंना पिवळी सपाट जमीन, मध्येच एखादं उंटांचं कुंपण, आणि डोळ्यांना अडायला काही नाही. पण अल रुवैसला पोचलो आणि वास आला. सुहासिनी, मासळीचा वास! मी गाडीची काच खाली केली. ईरा म्हणाली, "ई, आजोबा!" मी म्हटलं, बाळ, हा वास नव्हे, हे माझं गाव आहे.

जैदचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान धक्क्याजवळच. जहूर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मला बघून उठला नाही, नुसता ओरडला, "आला काय रे मास्तर? मेलास असां वाटला मला!" मी म्हटलं, तुझ्या आधी कसा मरेन, वर्गात माझा नंबर तुझ्यानंतरचा. मग काय विचारतेस! चार तास कसे गेले कळलं नाही. खाडी, तर, नारळाच्या काथ्याचा चेंडू, त्याची आई रमजानात आम्हाला देई ती खीर. त्याने मला माझी जुनी कविता म्हणून दाखवली, तीही चुकीची. मी दुरुस्त केली. तो म्हणाला, "तुजी चूक आसंल, माजी नाय."

हो, हो, प्रश्न विचारला. निघताना, गाडीचं दार उघडं ठेवून. म्हटलं, जहूर, हुस्नाचं काय?

तो खुर्चीतून उठून गाडीशी आला. मग म्हणाला, "ती काय माजा आयकतेय? पण सुहासिनी काय आमाला परकी नाय. शुक्रवारी बसू, बोलू. होईल बराबर, इन्शाल्ला." आणि खजुरांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

झालं तुझं काम! परकी नाही म्हणाला, बरोबर होईल म्हणाला. गाडीत मिहीर मला शिकवायला लागला, "बाबा, इन्शाल्ला म्हणजे हो नव्हे. ऑफिसात रोज ऐकतो मी. ज्याला नाही म्हणायचं नसतं तो इन्शाल्ला म्हणतो." मी म्हटलं, तू ऑफिसातली माणसं ओळखतोस, मी जहूरला ओळखतो.

निर्धास्त राहा. हुस्ना उभी राहत नाही.

तुझा,
गुरुजी


शेवरे बंदर
३ डिसेंबर

ती. गुरुजींस,
सा. न.

हुस्नाने काल अर्ज भरला. सरपंचपदाला एक आणि वॉर्डात एक. तिला कपबशी मिळेल म्हणतात, मला छत्री, राणीला नारळ.

तुमच्यावर रागावले नाही. जहूरचाचांनी तुम्हाला खजूर दिले, उत्तर नाही, हे तुमच्या पत्रातच दिसत होतं. मला दिसलं, तुम्हाला नाही.

अर्ज मागे घ्यायची मुदत ७ तारखेला दुपारी तीनपर्यंत. तोवर बरंच काही होऊ शकतं. एक गोष्ट चाललीय, ती कागदावर लिहिण्यासारखी नाही. कृपा करून या चार दिवसांत गावातल्या कुणाशी या विषयावर बोलू नका, कुणाला काही लिहू नका. कुणी विचारलंच तर 'बघू' म्हणा. तुम्हाला 'बघू' म्हणता येत नाही हे मला माहीत आहे, पण या खेपेला म्हणा.

सुहासिनी


दोहा
८ डिसेंबर

चि. सौ. सुहासिनीस,
आशीर्वाद.

कालची मुदत टळली ना? काय झालं ते कळव. जीव टांगणीला लागलाय.

इकडे रस्त्यावर माणूस मावत नाही. शाळांना सुट्टी, ईरा गालावर रंग लावून मेट्रोने फिरते. परवा जिन्यात मोरोक्कोची पोरं गात चालली होती. भाषा कळली नाही, पण आठव्या मात्रेवर सगळ्यांची टाळी पडत होती. माझ्या वर्गात अशीच पडायची.

मी सगळ्यांना 'बघू'च म्हणतो आहे. मात्र एक गोष्ट तुला समजून घ्यावी लागेल. मास्तर हा झाडासारखा असतो. सावलीत कोण बसलं, कुठल्या वाडीचं, कुठल्या चिन्हाचं, हे झाड विचारत नाही. कुणी आशीर्वाद मागितला तर त्याला नाही म्हणता येत नाही. एवढंच. यात गैर काही नाही, तूही म्हणशील.

पत्र पाठव. हातानेच लिही.

तुझा,
गुरुजी


शेवरे बंदर
१२ डिसेंबर

गुरुजी,

सोबत एका पत्रकाचा फोटो आहे. काल सकाळी घराघरात टाकलं गेलं, पेपरात घालून. नंदू ठेकेदाराच्या पोरांनी टाकलं. तुम्हाला फोटोवरचं नीट दिसणार नाही म्हणून मजकूर माझ्या हाताने उतरवून देते. तुम्हाला हात दिसायला हवा असतो ना.

"शेवऱ्याचे लाडके रंगनाथ गुरुजी दोह्याहून लिहितात: 'चि. हुस्ना, तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. माघार घेऊ का, असं विचारतेस? अगं, सातवीतली कवितापाठांतराची स्पर्धा आठव. सुहासिनी स्टेजवर अडखळली आणि पडद्यामागून तू एकेक ओळ हळूच सांगत गेलीस. आवाज तुझा, ढाल तिला. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही मुलगी एक दिवस पडद्यापुढे येईल. ये बाळ, आता तरी ये. माझे आशीर्वाद आहेत.' मतदारांनो, जिची पहिली ढालच दुसऱ्याच्या शब्दांची, तिच्या पाच वर्षांच्या कामाचं काय?"

कागद तुमचाच आहे ना, गुरुजी? अक्षर तर तुमचंच आहे. ६ तारखेचा आहे. म्हणजे मला झाडाच्या सावलीचं लिहिलंत त्याच्या दोन दिवस आधीचा.

आता मी जे लिहू शकत नव्हते ते लिहिते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. हुस्नाचं आणि माझं ठरलं होतं. तिने सरपंचपदाचा अर्ज मागे घ्यायचा, वॉर्डातला ठेवायचा, आणि निवडून आल्यावर उपसरपंच ती. २ तारखेच्या शुक्रवारी अल रुवैसला बैठक झाली, जहूरचाचांनी सगळ्यांना राजी केलं. तुमच्या खजुरांनंतर आठवड्याने ते खरंच उठले माझ्यासाठी. मोहल्ल्यात फोनसुद्धा आले. हुस्नाने माघारीच्या फॉर्मवर सही करून तो पर्समध्ये ठेवला होता. आणि तिचं मन खात होतं म्हणून तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही एक 'बघू' म्हणाला असता तर पुरे होतं.

७ तारखेला ती तहसीलला गेली. कचेरीबाहेरच्या बाकावर बसली. तिच्या मोबाईलवर तुमचं पत्र उघडं होतं, असं तिच्या बचत गटातली रुकैया सांगते, ती सोबत होती. रुकैयाने दोनदा म्हटलं, "बाजी, तीन वाजत आले." हुस्ना उठली नाही. तीन वाजून गेल्यावर उठली आणि घरी आली.

मग तिने तुमचं पत्र अभिमानाने बचत गटाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते नंदूकडे जायला किती वेळ लागणार?

आणि शेवटचं. तुम्हाला चुकीचं आठवतंय. पडद्यामागे मी होते. स्टेजवर हुस्ना होती. तिसऱ्या कडव्यानंतर ती थांबली, मी ओळ सांगितली. ढाल तिला मिळाली, जहूरचाचांच्या दिवाणखान्यात ती पुष्कळ वर्षं होती, टीव्हीवर. मी कुणाला कधी सांगितलं नाही, तिनेही नाही. आम्हा दोघींना ते आपलं एक गुपित वाटायचं. आता ती मोहल्ल्यात मान खाली घालून चालते, कारण तिला माहीत आहे खरं काय. आणि माझ्या खारवीवाडीच्या पोरांनी काल तिचे बॅनर फाडले. आज मोहल्ल्याने माझ्या बायकांना दारातून परत पाठवलं. सहा दिवस राहिलेत.

सुहासिनी


दोहा
१३ डिसेंबर

सुहासिनी,

तुझं पत्र ईराने वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात म्हणाली, "आजोबा, आय कान्ट." मग मी स्वतः वाचलं. तीन वेळा.

मी काय सांगू? हुस्नाने विचारलं, 'गुरुजी, मागे घेऊ का?' आणि मला तिच्या अक्षरात ती सातवीतली मुलगी दिसली. माघार, मुदत, बेरीज, यांतलं काही दिसलं नाही. तू लिहू नकोस म्हणाली होतीस. मला वाटलं, ते राजकारणाबद्दल. हे तर शाळेबद्दल होतं.

आणि पडदा. मला अजूनही डोळ्यांसमोर दिसतं, सुहासिनी. हिरवा पडदा, त्याला एका कोपऱ्याला ठिगळ, आणि तुझ्या दोन वेण्या दिव्यात. तू स्टेजवर. मी शपथेवर सांगितलं असतं. कोर्टात सांगितलं असतं. काल जहूरला फोन केला. म्हटलं, जहूर, तुझ्याकडे शाळेची ढाल होती का? तो म्हणाला, "व्हती. हुस्नाची. तू काय करून ठेवलंस रे मास्तर?" आणि फोन ठेवला. साठ वर्षांत त्याने माझ्याशी बोलताना मध्येच फोन ठेवला नव्हता. तसे साठ वर्षांत फोन तरी कुठे होते, पण तू समजलीस.

मी आठवणीच्या जोरावर पस्तीस वर्षं शिकवलं. पुस्तक न उघडता शिकवतो म्हणून माझी कीर्ती होती. आता वाटतं, कितीजणांना मी काय काय चुकीचं शिकवलं असेल, आणि कुणीच 'मी तिथे होते' म्हणून उठलं नसेल.

सोबत एक दुरुस्तीपत्र आहे. स्पष्ट लिहिलंय की मला चुकीचं आठवलं, पडद्यामागचा आवाज तुझा होता, ढाल हुस्नाला मिळाली, आणि माझ्या आशीर्वादाचा निवडणुकीशी संबंध लावू नये. छाप. पाचशे छाप, हजार छाप. घरोघरी टाक. मिहीर म्हणतो व्हिडिओ करू, तर तोही करतो. सांगशील ते करतो.

उत्तराची वाट बघतो.

रंगनाथ


शेवरे बंदर
२१ डिसेंबर

गुरुजी,

राणी ६०४. मी ५७१. हुस्ना ३९८.

तुमचं दुरुस्तीपत्र वेळेवर आलं होतं. छापलं नाही. आमची माणसं म्हणत होती, छापा, ताई, एका दिवसात मोहल्ला फिरेल. कदाचित फिरला असताही. पण ते छापलं असतं म्हणजे हुस्ना सगळ्या गावासमोर ढालचोर ठरली असती. ती खोटं काही बोलली नव्हती. ती फक्त गप्प बसली होती. चाळीस वर्षं मीही गप्पच बसले होते.

मतमोजणीच्या टेबलाजवळ ती माझ्या शेजारी उभी होती. बाहेर वरच्या वाडीचे ढोल सुरू झाले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मैदान गेलं." मी म्हटलं, "हो."

आता काही दिवस लिहिणार नाही. रागाने नव्हे. लिहायला काही नाही.

सुहासिनी


दोहा, अल नस्र
९ फेब्रुवारी २०२३

चि. सौ. सुहासिनीस,
आशीर्वाद, जर अजून चालत असतील तर.

हे चौथं पत्र. पहिल्या तिन्हींना उत्तर नाही. ईरा म्हणते, तिन्ही पोचलीत, वाचलीतही. त्या दोन निळ्या खुणा ती मला दाखवते. म्हणजे तू वाचतेस. तेवढंही मला पुष्कळ आहे, असं मी स्वतःला सांगतो. खरं नाही ते.

विश्वचषक संपून किती दिवस झाले. बेकरीवाला जिंकला. त्याने सगळ्या गल्लीला पेढ्यांसारखं काहीतरी वाटलं, मलाही दिलं. मी घेऊन घरी आलो आणि टेबलावर ठेवलं, ते तिथेच वाळून गेलं. ज्या दिवशी इथे ते आतषबाजी करत होते त्याच दिवशी तुमचं मतदान होतं, हे मी कुणाला बोललो नाही.

गावच्या बातम्या मला आता जैदकडून कळतात. जहूर फोनवर येत नाही. जैद सांगतो, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मंजूर झाला. हात वर करायला सांगितले, किती वर गेले ते कुणी मोजलं नाही. तू मागच्या रांगेत बसली होतीस आणि उठून एकदा बोललीस, माइक बंद होता. हुस्ना आलीच नाही; बचत गटाची वहीसुद्धा तिने दुसऱ्या कुणाला सोपवली. मैदानाला तारेचं कुंपण घालायला सुरुवात झालीय. बायका आता रस्त्याच्या कडेला मासळी पसरतात, गाड्यांची धूळ बसते म्हणून व्यापारी भाव पाडून घेतो. तू शिवणक्लास काढलास, म्हणतात. चांगलं केलंस. की वाईट? मला काही कळत नाही हल्ली.

अल रुवैसला एकटा जाऊन यावं असं दोनदा मनात आलं. मिहीर नेईलही. पण जहूर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असेल, मला पाहून ओरडणार नाही, आणि मग मी काय करीन? माझ्यामुळे त्याचा शब्द गेला. त्याने मोहल्ल्याला, त्याच्या सगळ्या आयुष्याच्या माणसांना सांगितलं होतं की मुलगी माघार घेते. मुलीने घेतली नाही. जैद म्हणतो, आता शुक्रवारी लोक त्यांच्याकडे जमत नाहीत, दुसरीकडे जमतात.

मी कविता म्हणणं सोडलंय. ठरवून नव्हे. परवा ईराला शाळेत 'आजी-आजोबांकडून काहीतरी ऐका आणि लिहून आणा' असं दिलं होतं. ती वही घेऊन बसली. मी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबलो. शब्द आठवत होते ग. पण तेच खरे शब्द आहेत की माझ्या मनाने सोयीने बसवलेले, हे कळेना. तिने पेन्सिल वर धरून विचारलं, "देन व्हॉट, आजोबा?" मी म्हटलं, "आईला विचार." नुपूर तिच्या ऑफिसच्या कॉलवर होती. शेवटी तिने इंटरनेटवरून काहीतरी उतरवून नेलं.

तू मला क्षमा केलीस का, असं विचारणार नाही. तो प्रश्न तुझ्यावर टाकणं म्हणजे पुन्हा तुलाच कामाला लावणं. फक्त एक विचारतो. त्या दिवशी पडद्यामागे तू कुठली ओळ सांगितली होतीस? कुठल्या कवितेची? मी तुला पूर्ण वर्षभर शिकवलं आणि मला ती कविता आठवत नाही. तू सांगितलीस तर मी ती लिहून घेईन, जशीच्या तशी, तू सांगशील त्या शब्दांत, आणि त्यात एक काना-मात्रा माझा

थांब, दारावरची बेल वाजली. या वेळी कोणी येत नाही. मिहीर-नुपूर ऑफिसात, पार्सलवाला खालीच ठेवून जातो. ईरा उघडायला गेली.

बाहेर मराठी बोलणं ऐकू येतंय. आपल्याकडचं. बाईचा आवाज आहे, आनंदी, जरा मोठा. पुरुषही आहे मागे कोणी तरी. "गुरुजी इथेच राहतात ना? आम्ही शेवऱ्याहून. इथल्या कोकणी मंडळींनी सत्काराला बोलावलंय उद्या, म्हटलं आधी गुरुजींच्या पाया पडावं, मग बाकीचं." ईरा तिला बसा म्हणतेय. आणि ती हसतेय, ईराची विचारपूस करतेय, कितवीत आहेस, मराठी येतं का.

मी दार लोटून आत बसलोय, सुहासिनी. हातातला पेन खाली ठेवता येत नाही.

ईरा आत आली. तिच्या हातात शाल आहे, घडी न मोडलेली, वर नारळ. डोळे मोठे करून मला म्हणते, "आजोबा, देअर्स अ राणी आंटी आउटसाइड. शी सेज यू मेड हर सरपंच."